शंभराव्या गाठीची ब्याग

अठरा वर्षे मी एक ब्याग लपवून ठेवली. ती चोरीची नव्हती. ठाण्याच्या बाजारातून, दिवसाढवळ्या, दुकानदाराच्या राजीखुशीने मी ती विकत घेतली होती. तरीही ज्या ट्रंकेत ती होती त्या ट्रंकेजवळून जाताना माझी मान आपोआप खाली जात असे. घरच्या मंडळींना वाटे, चौकट ठेंगणी आहे म्हणून मी वाकतो.

ज्यांच्यापासून ती लपवली त्या रजिनाबाईंविषयी मला लिहायचे आहे. स्वतःविषयी जेवढे टाळता येत नाही तेवढेच लिहीन. आणखी एक कबुली आरंभीच देतो. या लेखात मी त्यांचा उल्लेख आदराने करीत आहे. पण ज्या काळची ही हकीकत आहे त्या काळी मी त्यांना “अगं रजिना” असे म्हणत असे. त्या माझ्याहून दहा वर्षांनी वडील होत्या आणि मला “तुम्ही” म्हणत. दवाखान्यातील आम्ही सगळेच त्यांना “तू” म्हणत असू. त्यात काही वावगे आहे असे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही.

आगगाडी सुरू होऊन तेव्हा वीसएक वर्षे झाली असावीत. ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात मी कारकून होतो आणि रजिनाबाई सुईण होत्या. मुंबईच्या एका इस्पितळात त्या रीतसर शिकून आल्या होत्या. माजिवड्याच्या किरिस्ताव शेतकऱ्याची लेक. गळ्यात जपमाळ, अंगावर लाल चौकड्याचे आखूड लुगडे, पायांत काही नाही. माजिवड्याहून बांधाबांधाने त्या चालत येत आणि दवाखान्याच्या पायरीवर पाय धुतल्याशिवाय आत पाऊल टाकीत नसत. त्यांचे बोलणे मी येथे बरेचसे माझ्या कारकुनी भाषेत उतरवीत आहे. पण “मला” या अर्थी त्यांचे “मना” आणि त्यांचे “नाय” मोडायला माझी लेखणी धजत नाही.

त्यांचे सारे सामान बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात असे. झाकणावर विलायतच्या राणीचे चित्र होते. रोजच्या उघडमिटीने राणीसाहेबांचे नाक साफ झिजून गेले होते, आणि कोणी त्याविषयी हटकले तर बाई म्हणत, “लोकांची पोरं काढता काढता तिचं नाक गेलं. माझं अजून शाबूत हाय.”

बाळंतपणाला गेल्या की त्या आधी घरातल्या पुरुषाला कामाला लावीत. दोन मुठी मूग आणि दोन मुठी उडीद एका सुपात एकत्र करायचे, ते सूप त्याच्या पुढ्यात ठेवायचे आणि गंभीरपणे सांगायचे, “हे निवडा. निवडून झाल्याशिवाय पोर येत नाय.” मोठमोठे वकील आणि सावकार ओसरीवर मांडी घालून मूग-उडीद निवडीत बसलेले मी पाहिले आहेत. एकदा मी विचारले, “अगं रजिना, याचा बाळंतपणाशी संबंध काय?”

“काय बी नाय,” त्या म्हणाल्या. “पण निवडणारा माणूस दार वाजवत नाय.”

आता त्या ब्यागेकडे वळतो.

ठाण्याच्या बाजारात हुसेनभाई नावाच्या बोहऱ्याचे दुकान होते. विलायतेस परत जाणाऱ्या साहेबलोकांच्या सामानाचे लिलाव होत. त्यांतून घेतलेला माल तो विकायला ठेवी. हंड्या, घड्याळे, एका पायाने अधू झालेल्या खुर्च्या. त्यांत एका कपाटात ती ब्याग होती. कोण्या मडमेची असावी. गर्द तांबूस कातडे, वर पितळेचा चाप, आत हिरव्या रेशमाचे अस्तर, आणि त्या अस्तरात शिवलेला एक इवलासा कप्पा. चाप मिटला की “टक्” असा नेमका, समाधानी आवाज होई. जणू कोणी शहाण्या माणसाने “बरोबर” म्हटले.

रजिनाबाई दर शनिवारी दवाखाना सुटल्यावर तिला पाहायला जात. “पाहायला” हा शब्द माझा झाला. त्या म्हणत, “तिला भेटून येते.” वाटेत माझे घर असल्यामुळे कधी कधी मीही बरोबर असे. त्या कपाटापुढे उभ्या राहत, हात पदराला पुसत, आणि हुसेनभाई न सांगता ब्याग काढून पुढे ठेवी. त्या चाप उघडीत, मिटीत, पुन्हा उघडीत.

“बाई, तू घेते नाय, पण चाप माझा घासते,” हुसेनभाई कुरकुरे.

“घासला तर मीच घेणार ना? मग माझाच घासला.” मग त्या कप्प्यात बोट घालून विचारीत, “ह्यात काय ठेवतात?”

“मडमलोक चिठ्ठी ठेवते.”

“मी नाळ बांधायचा दोरा ठेवीन,” बाई म्हणत, आणि ब्याग परत देत.

हे असे चार-पाच वर्षे चालले होते. आमच्या डॉक्टरसाहेबांनी एकदा थट्टेने विचारले, “रजिना, एवढी आवडते तर घेऊन का टाकीत नाहीस? पैसा साठला नाही का?”

“पैसा कधीच साठला, डॉक्टर. वेळ नाय झाली.”

“वेळ म्हणजे? मुहूर्त?”

तेव्हा त्यांनी डब्यातून एक सुतळी काढली. तिच्यावर गाठी होत्या. त्यांच्या हातून झालेल्या प्रत्येक बाळंतपणाची एक गाठ. पण बाळ जन्मताच ती मारायची नाही. हिंदूचे मूल असेल तर बारशापर्यंत थांबायचे, किरिस्तावाचे असेल तर त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चात, नाव ठेवीपर्यंत. त्या दिवशी आई आणि मूल दोघेही हसतेखेळते असले तरच गाठ. अशा शंभर गाठी झाल्या की ब्याग.

“आणि आताच घेतली तर?” डॉक्टरांनी विचारले.

“आताच घेतली तर मी दारात उभी राहिली की लोक बोलतील, सुईण माजली.”

“आणि शंभरानंतर बोलणार नाहीत?”

“बोलतील की! पण तेव्हा मी सांगेन, होय, माजली.”

डॉक्टर खूप हसले. मीही हसलो. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र मला त्या उत्तराचा मनापासून हेवा वाटला. मी तोवर पुष्कळ वस्तू घेतल्या होत्या. परंतु कोणतीही वस्तू आपण केव्हा आणि का घेतली हे मला सांगता आले नसते.

गाठींच्या बाबतीत बाई फार कडक असत. खडवलीकडे एका कुणब्याच्या घरी त्या बैलगाडीने गेल्या आणि जुळ्यांना सुखरूप घेऊन परत आल्या. बाराव्या दिवशी निरोप आला की तिघेही ठणठणीत आहेत. मी उत्साहाने म्हटले, “रजिना, दोन गाठी मार! माझ्या रजिस्टरात दोन जन्म लागले आहेत.”

त्यांनी एकच गाठ मारली.

“अगं, पोरे दोन आहेत.”

“पोरं दोन, कारकूनभाऊ, पण आई एकच. भ्यायलो आम्ही एकदाच.”

डॉक्टर म्हणाले, दोन. कंपाउंडर म्हणाला, दीड. या वादात दवाखान्याचा अर्धा दिवस गेला. ज्या रोग्यांना औषध मिळाले नाही त्यांनीही आपापले मत दिले. गाठ एकच राहिली.

आणखी एक प्रसंग आहे. तो मी थोडक्यात सांगतो. चेंदणीच्या एका कोळ्याच्या घरचे मूल बारशाच्या दुसऱ्या दिवशी गेले. गाठ मारून झाली होती. नियमाप्रमाणे ती कायम राहायला हवी होती, तसे आम्ही सर्वांनी सांगितलेही. बाई दवाखान्याच्या पायरीवर बसल्या आणि नखांनी ती गाठ सोडवू लागल्या. सुतळीची गाठ आवळलेली, सुटेना. मी कातर पुढे केली. त्यांनी मान हलवली. बऱ्याच वेळाने गाठ सुटली, तेव्हा त्यांच्या अंगठ्याचे नख फाटले होते. त्या शनिवारी त्या हुसेनभाईकडे गेल्या नाहीत.

कातड्याचा प्रश्नही त्यांनी आधीच सोडवून ठेवला होता. आमच्या आळीत एक शास्त्रीबोवा राहत. त्यांच्या सुनेसाठी बाई गेल्या, तेव्हा शास्त्रीबोवा अंगणातच आडवे उभे राहिले: परसदारातून ये, कशाला शिवू नकोस, डबा तेवढा आत ने.

“आणि शास्त्रीबोवा, डब्याच्या जागी कातड्याची ब्याग आणली तर?”

“शिव शिव! कातडे घरात? विटाळ होईल.”

“पण बाळंतिणीच्या खोलीला दहा दिवस विटाळच असतो ना?”

“असतो.”

“मग विटाळाला विटाळ कसा होईल?”

शास्त्रीबोवांनी डोळे मिटले. आतून सून कण्हत होती. ते म्हणाले, “मुद्दा विचारार्ह आहे.” आणि मूल जन्माला येईपर्यंत ते त्या मुद्द्याचा विचार करीत बसले, त्यांच्यापुरते मूग-उडीद लागलेच नाहीत.

या साऱ्या गोष्टी मला ठाऊक होत्या. गाठी सत्त्याण्णव झाल्या आहेत हेही ठाऊक होते. आणि त्याच सुमारास मला कल्याणला हेडक्लार्कची जागा मिळाली.

माझे बिऱ्हाड ठाण्यातच राहणार होते. सकाळच्या गाडीने कल्याणला जायचे आणि संध्याकाळी परतायचे. कागद न्यायला काहीतरी हवे, असे मी स्वतःला सांगितले. तोवर मी कागद रुमालात बांधून नेत असे आणि एकही कागद कधी हरवला नव्हता. परंतु हेडक्लार्क गाडीतून उतरतो आहे आणि त्याच्या हातात तांबूस कातड्याची विलायती ब्याग आहे, असे एक चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले आणि ते हलेना. या चित्राकडे मी पुढे पुष्कळदा निरखून पाहिले आहे. ती ब्याग मला कधी आवडलीच नव्हती. मी एकटा असतो तर त्या कपाटापुढून दहा वेळा न बघता गेलो असतो. रजिनाबाई तिच्याकडे ज्या डोळ्यांनी बघत, ते बघणे मला हवे होते. कोणीतरी माझ्या हाताकडे तसे बघावे, एवढ्यासाठी मी ती घेतली.

हुसेनभाईने ब्याग माझ्यापुढे ठेवली, पण तिच्यावरचा हात काढला नाही.

“ही तर बाईची हाय.”

“तिने घेतली आहे का?”

“नाय.”

“मग?”

त्याने हात काढला. मी म्हटले, “तिने विचारले तर सांग, मुंबईचा कोणी साहेब घेऊन गेला.”

“खोटा मी नाय बोलणार,” हुसेनभाई म्हणाला. “विकली एवढा सांगेन. पुढचा तू बोल.”

पुढचे मी बोललो. शनिवारी संध्याकाळी बाई दवाखान्यात परत आल्या. मी माझ्या जागेचे कागद आवरीत होतो. त्या टेबलापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “विकली.”

“हो का?” मी म्हटले. “मुंबईचा कोणी साहेब आला होता म्हणे.”

मग त्यांनी विचारले, “चापावर फडकं मारायला सांगितलं का कोणी त्याला? पितळ हाय. इथल्या हवेत हिरवं पडतं.”

त्या रात्री घरी जाऊन मी चाप पुसला. एवढी एक सूचना तरी मी अठरा वर्षे न चुकता पाळली.

घरात ब्याग आणताच आईने दारातच अडवले. “कातडं देवाच्या घरात नको.” मी पुष्कळ गयावया केली तेव्हा तिने तोडगा काढला: मागची अंधारी खोली बाळंतिणीची; माझ्या पत्नीचे, लक्ष्मीचे, दिवस भरत आले होते; त्या खोलीत विटाळ व्हायचाच आहे; तेथल्या ट्रंकेत ठेव. शास्त्रीबोवांनी विचारार्ह ठरवलेला मुद्दा माझ्या आईने एका क्षणात निकाली काढला. हसावे की रडावे मला कळेना.

ती ब्याग मी एकदाच वापरली. उपरण्यात गुंडाळून स्टेशनावर नेली, गाडीत बसल्यावर उपरणे सोडले आणि दिवा स्टेशनापासून पुढे ती मांडीवर ठेवून ताठ बसलो. डब्यात समोर एक भाजीवाली होती. ती झोपली होती. कल्याणला उतरलो, कचेरीत गेलो, दिवसभर ब्याग टेबलावर ठेवली. तिच्यात काय आहे, एवढेच एकाने विचारले. संध्याकाळी फलाटावर परतीच्या गाडीची वाट पाहत असता, दूरवरून राणीच्या चित्राचा डबा डोक्यावर घेऊन रजिनाबाई येताना दिसल्या. कल्याणला त्या बाळंतपणासाठी आल्या होत्या.

फलाटावर मुंबईला जाणाऱ्या गवताचे भारे रचलेले होते. मी ब्याग एका भाऱ्यापाशी ठेवली, तिच्यावर उपरणे टाकले आणि तिच्यावर बसलो.

“काय कारकूनभाऊ! इथे कुठं बसलात?”

“पाय दुखतात.”

“मग बसा, बसा. उठू नका.” आणि त्या माझ्यासमोर उभ्या राहून बोलू लागल्या. कल्याणच्या बाळंतिणीची हकीकत झाली, तिच्या सासूची झाली, सासूच्या गुडघ्यांची झाली. बुडाखाली ब्याग हळूहळू चेपत होती. एकदा चापाने “टक्” केले. मी खोकलो. बाईंनी माझ्याकडे बघितले आणि म्हणाल्या, “खोकल्याला काढा घ्या.” गाडी आली. “चला,” त्या म्हणाल्या. मी म्हटले, पुढच्या गाडीने येतो. पुढची गाडी किती उशिरा आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. त्या गेल्या, डब्यातून हातही हलवला. मी अंधार पडेपर्यंत त्या ब्यागेवर बसून राहिलो. तिच्या कुशीला पडलेली पोच पुढे कधीच निघाली नाही, आणि ब्याग ट्रंकेतून पुन्हा बाहेर आली नाही. कल्याणला मी कागद रुमालातच नेऊ लागलो.

दरम्यान गाठी नव्याण्णव झाल्या. शंभरावे बाळंतपण माझ्या घरचे आले.

मला नकार देता आला असता का? ठाण्यात दुसरी शिकलेली सुईण नव्हती, आणि लक्ष्मीचे पहिले मूल हातचे गेले होते. रजिनाबाई परसदाराने आल्या. त्यांनी सूप माझ्या पुढ्यात ठेवले.

“मी निवडणार नाही,” मी म्हटले. “मला हे तुझे ढोंग ठाऊक आहे.”

“ठाव असलं तरी निवडा,” त्या म्हणाल्या. “आज लागेल.”

आणि लागले. आत लक्ष्मी ओरडत होती, आणि ज्या खोलीत ती होती त्याच खोलीत ती ट्रंक होती. मी देवाजवळ दोन गोष्टी मागत होतो: लक्ष्मी वाचू दे, आणि ट्रंक बंद राहू दे. या दोन प्रार्थना मी एका श्वासात केल्या. त्याची लाज मला आजही पुरून उरली आहे.

मध्येच आतून बाईंचा आवाज आला, “जुनी लुगडी कुठं हायत?” आणि लक्ष्मी क्षीणपणे म्हणाली, “त्या ट्रंकेत.”

कडी वाजली. मग बराच वेळ काही नाही. मग, अगदी स्पष्ट, “टक्.”

माझ्या बोटांत उडदाचा एक दाणा होता. मी तो मुगात टाकला. कातर असेल, असे मी मनाशी म्हटले. नाळ कापायची कातर. माणसाला जे ऐकावेसे वाटते ते त्याला ऐकू येते. थोड्याच वेळाने मूल रडले. मुलगी होती. लक्ष्मी सुखरूप होती.

बारशाच्या दिवशी बाई परसदारी आल्या. आईने त्यांना खण-नारळ दिला, द्रोणात घुगऱ्या दिल्या. पायरीवर उभ्या राहूनच त्यांनी डब्यातून सुतळी काढली, माझ्यासमोर गाठ मारली आणि दातांनी आवळली.

“शंभर,” त्या म्हणाल्या.

मी द्रोणाकडे बघत राहिलो.

“वेळ झाली, कारकूनभाऊ. पण ती आता त्या मुंबईच्या सायबाकडे. नाय का?”

एवढे बोलून त्या थांबल्या. आज मला कळते, ते थांबणे म्हणजे माझ्यासाठी उघडून धरलेले दार होते. मी म्हटले, “घुगऱ्यांत मीठ बरोबर आहे ना?”

“मीठ बरोबर हाय,” रजिनाबाई म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानंतर त्यांनी ना दुसरी ब्याग पाहिली, ना सुतळीला पुढची गाठ मारली. नाक झिजलेल्या राणीचा डबाच शेवटपर्यंत चालला. मात्र वाटेत कुठे भेटल्या की त्या माझ्या हातांकडे बघत आणि विचारीत, “काय कारकूनभाऊ, हात रिकामेच? मोठ्या हुद्द्याच्या माणसाला एखादी ब्याग शोभेल.” मी हसून पुढे जाई. त्यांना काही ठाऊक नाही, या समजुतीवर मी अठरा वर्षे काढली.

ती मुलगी, गंगू, यंदा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. आई आता राहिली नाही. पण खोली तीच आणि ट्रंकही तीच. लक्ष्मी जुनी लुगडी काढीत होती. तळाशी हात घालून तिने ब्याग वर काढली. तिला वाटत होते, ती मी केव्हाच कोणाला देऊन टाकली. गंगूने चाप उघडला, मिटला.

“बाबा, किती सुंदर आहे! कोणाची हो ही?”

मी म्हटले, “एका बाईंची.”

“मग आपल्याकडे का?”

लक्ष्मीने माझ्याकडे बघितले. माझा चेहरा पाहून तिने पुढे काही विचारले नाही; फक्त म्हणाली, “अहो, रजिनाबाईंना आणायला जायचंय ना? जाताना घेऊन जा.” तिला किती समजले होते ते मी विचारले नाही.

रविवारी मी माजिवड्याला गेलो. ब्याग न झाकता, हातात धरून, भर रस्त्याने गेलो. अठरा वर्षांपूर्वी पाहिलेले ते चित्र एकदाचे खरे झाले होते. बघायला एक म्हैस होती.

रजिनाबाई ओटीवर वाल सोलीत बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते, बोटे वाकली होती. समोरच्या घरांच्या दारांत देवळातून परतलेली माणसे गप्पा मारीत होती. मी ब्याग त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी हात पदराला पुसले. तिच्या कुशीवरून बोट फिरवले.

“पोच गेली नाय अजून?” त्या म्हणाल्या.

मी पोचेकडे बघितले, मग त्यांच्याकडे.

“कल्याणच्या फलाटावर तुम्ही कोंबडी बसते तसे बसलेला. उपरण्याखालून चाप चमकत होता. मना वाटलं, आता उठतील, मग उठतील. गाडी सोडली, पण उठला नाय!” त्या इतक्या हसल्या की मांडीवरचे वाल सांडले. “मग तुमच्या घरी लुगडं काढताना बघितली. चाप मुद्दाम वाजवला. मनात बोलली, आता तरी बाहेरून कायतरी बोलतील.”

“मग तुम्ही काहीच कसे म्हटले नाहीत?” मी विचारले. त्यांना “तुम्ही” म्हटल्याचे माझ्या ध्यानात नंतर आले.

“मी कशाला बोलू? खोटं माझं होतं काय?” त्यांनी चाप मिटला. “टक्.” आवाज तसाच होता. मग ब्याग मांडीवर घेऊन त्यांनी कप्प्यात बोट घातले. “अस्तराला कसर लागली. पण चाप चांगला राखलात.”

मी गंगूचे सांगितले. त्या म्हणाल्या, “माझी शंभरावी. येते की. हातांत आता जोर नाय, नवीन सुईण काम करील, मी बाजूला बसेन. पण ब्याग घेऊन येईन. आणि पुढच्या दारानं येईन.”

“पुढच्याच दाराने या,” मी म्हटले.

“आणि तुम्ही मूग निवडा.”

“निवडीन.”

त्या बसून राहिल्या. ब्याग मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर, जसा एखादा प्रवासी गाडीची वाट बघत बसावा. मी घसा साफ केला आणि, माझ्या सवयीप्रमाणे, खाली बघत, पुटपुटत, जे बोलायचे ते बोललो.

“काय?” त्यांनी तळहात कानाशी नेला. “ऐकायला कमी येतं. मोठ्यानं बोला.”

मी पुन्हा बोललो, थोडे मोठ्याने. समोरच्या दारात कोणीतरी गप्पा थांबवल्या.

“नाय ऐकू आलं, कारकूनभाऊ.”

बाईंना खरोखर कमी ऐकू येत होते की नाही, हे मला आजवर कळलेले नाही. जन्मात मी कधी आवाज चढवला नव्हता. कचेरीत शिपायावरही नाही. मी उभा राहिलो. समोरच्या ओट्यावरची माणसे आता सरळ आमच्याकडे बघत होती. मी हात जोडले आणि माजिवड्याच्या शेवटच्या घरापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणालो:

“रजिनाबाई, ती ब्याग मुंबईच्या कोणत्याही साहेबाने नेली नव्हती. ती मी घेतली. तुमच्या तीनच गाठी राहिल्या आहेत हे ठाऊक असून घेतली, आणि तुमच्या तोंडावर खोटे बोललो. माझे चुकले, बाई. तुम्ही मला क्षमा करा.”